चौकटीवरच्या तीन रेघा

मला मॅडमचा राग यायचा. अजूनही येतो. माणसानं इतकं बरोबर असू नये की बाकीच्यांना त्याच्यासमोर उभं राहणं जड जावं. त्या तशा होत्या, आणि आपण तशा आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लायकी काढली. अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात आमचं प्रशिक्षण होतं. बी.एस्सी. झालेली आणि कुठंच न चिकटलेली आम्ही तीसेक मुलंमुली. काम सर्व्हेचं होतं, म्हणजे टॅबलेट घेऊन घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं भरायची. मंचावर संस्थेचे साहेब लॅपटॉप लावून बसले होते. त्यांच्या बाजूला सुती साडी नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ घातलेल्या एक बाई पानाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, पान खात असतील. डबा उघडला तर आत खडू.

जन्मभर सरकारी नोकरीत आकडेवारीचं काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. संस्थेनं त्यांना आमच्यावर पर्यवेक्षक नेमलं होतं. बोलणं पक्कं अकोल्याचं. भाषण वगैरे काही केलं नाही. एक पितळी डबा पुढं केला, त्यात चिंचोके. काही साधे, काहींवर चुन्याचा ठिपका. वाटीनं वीस काढायचे, त्यात ठिपकेवाले किती ते मोजायचं आणि अख्ख्या डब्यात शेकडा किती असतील ते सांगायचं. आमचं पुढचं सगळं काम हेच होतं, वीस घरं पाहून हजारो घरांविषयी बोलायचं.

माझ्या वाटीत दोन आले. मी ऐटीत म्हणालो, ‘शेकडा दहा.’ बाकीच्यांचंही तेवढंच, कुणाचं थोडं वर, कुणाचं थोडं खाली. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि डबा टेबलावर उपडा केला. चिंचोके खळखळून पडले, पण तळाशी एक थर तसाच राहिला. गुळाच्या पाकात चिकटवलेला. सगळे ठिपकेवाले.

‘हे कोणाच्या वाटीत आले?’ त्यांनी विचारलं.

कुणाच्याच नाही.

‘तुमी वाटीबी बरोबर धरली अन् हिशोबबी बरोबर केला. तरी उत्तर चुकलं. कावून?’

मी म्हणालो, ‘मॅडम, तुम्ही फसवलं म्हणून.’

हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. ‘मी तं एकदाच फसवलं. बाहेर तू रोज फसशीन. जे वाटीत येत नाईत त्याइच्याकडं कोण पायते, हे पाहाले मी इथं आली.’

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मी खाली मान घालून बसलो. तीस जणांसमोर मूर्ख ठरल्याचा तो राग मी पुढं बरेच दिवस पोसला.

त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे शिक्षा होती. अमरावतीच्या बसस्टँडसमोर संत्रेवाला बसतो. चांगली, चकचकीत संत्री वरच्या थरात, हे कोणालाही ठाऊक असतं आणि कोणी काही बोलत नाही. मॅडम डोळे मिटायच्या आणि टोपल्यात कोपरापर्यंत हात घालून हाताला येईल ते संत्रं काढायच्या. एकदा संत्रेवाला वैतागून म्हणाला, ‘बाई, संत्रे घेऊन राहिल्या का लॉटरी काढून राहिल्या?’ त्या म्हणाल्या, ‘दोन्ही.’ सडकं निघालं तरी पैसे देऊन तेच घ्यायच्या. बदलून मागितलं तर मग काढलंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. सडकी संत्री त्यांच्याबरोबर मलाही खावी लागत.

ही खोड वडिलांकडून आलेली. त्यांचे वडील अकोल्याच्या कापूस बाजारात हमाल होते. गाडीतल्या कापसाचा भाव ठरण्याआधी त्याची वानगी काढावी लागे, म्हणजे नमुन्याचा मूठभर कापूस. शेतकरी म्हणे वरचा काढ, तो पांढराशुभ्र असे. व्यापारी म्हणे तळचा काढ, तो ओला असे. त्यांचे वडील गाडीच्या पोटात हात घालत आणि जिथं पडेल तिथला काढत. दोघंही चिडत. ‘माहा बाप घरी येऊन सांगे, दोघाइच्या शिव्या भेटल्या की समजजो वानगी बरोबर निंघाली.’ हे सांगताना त्या जरा हसत. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

‘सगळे’ हा शब्द त्यांना खपत नसे. आमच्यातला एक जण आजोबा वारले म्हणून चार दिवस रजेवर गेला. परत आल्यावर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘मॅडम, सगळं गाव रडलं.’ मॅडम म्हणाल्या, ‘किती घरं हायेत गावात?’ मी बाहेर येऊन त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आठवड्यानं कळलं, त्या रविवारी एकट्याच स्कुटीवर त्या पोराच्या गावी जाऊन त्याच्या आजीला भेटून आल्या होत्या. त्याला सांगितलंही नव्हतं. अशा माणसावर धड रागावता येत नाही, याचाही राग येतो.

आता सर्व्हे कशाचा होता ते सांगतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना आमचा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. तेच पिऊन किडन्या जातात असं तिथं घरोघर ऐकायला मिळतं. मॅडमसमोर तसं बोलायची सोय नव्हती, त्या लगेच ‘किती घरोघर?’ म्हणायच्या. आम्हाला तेच शोधायचं होतं. शंभर घरांपैकी किती घरांत किडनीचा रोगी आहे? ज्या तालुक्यात तो टक्का ठरवलेल्या आकड्याच्या वर जाईल त्या तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन बसणार होती. ज्या तालुक्यात जाणार नाही तिथल्या रोग्यांनी आठवड्यातून दोनदा अकोला गाठायचं, आतापर्यंत गाठत होते तसंच.

गावात घरांची यादी करायची, त्यातून चिठ्ठ्या टाकून वीस घरं काढायची, आणि त्याच वीस घरांत जायचं. ‘आवडलेलं घर नको, आलेलं घर पायजे,’ हे मॅडम दिवसातून दहा वेळा म्हणत. नाल्यापलीकडचं, कुत्रं असलेलं, दारुड्याचं, कसलंही येवो. घर बंद असलं तर तीनदा जायचं, तेही वेगवेगळ्या वेळी. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दिवे लागणीला. दर खेपेला त्या चौकटीवर खडूची एक रेघ मारायच्या.

एका गावात त्या रेघेवरून तमाशा झाला. घरमालक संध्याकाळी शेतातून आला, चौकटीवर रेघ पाहिली आणि त्याला वाटलं अतिक्रमणवाल्यांनी घर पाडायला खूण केली. काठी घेऊनच तो चौकात आला. मॅडमना दारापाशी नेऊन त्यानं रेघ पुसली. मॅडमनी पुन्हा मारली. त्यानं पुन्हा पुसली. त्यांनी पुन्हा मारली. चौथ्या वेळी तो थकला आणि म्हणाला, ‘बाई, हे हाये तरी काय?’ मॅडमनी सांगितलं, तुमचं घर चिठ्ठीत आलं आहे, तुमच्याशिवाय दुसरं कोणी चालत नाही. त्याचा चेहरा बदलला. ‘माह्याशिवाय चालत नाई?’ दोन-तीनदा त्यानं हे स्वतःशीच म्हटलं. त्याला तसं बहुधा कोणी कधी म्हटलं नव्हतं. मग फॉर्म भरून चहाही पाजला. दुसऱ्या दिवशी मॅडमना त्याचा फोन, ‘बाई, शेजारचा आला बरं का वावरातून, त्याचीबी रेघ बाकी हाये, या लवकर.’

संस्थेच्या टॅबलेटमध्ये मात्र वेगळी सोय होती. ‘घर बंद’ असं दाबलं की खाली पर्याय यायचा, ‘शेजारील घर निवडा’. एक बोट लावलं की काम पुढं. मॅडमनी आम्हाला तो पर्याय दाबायला बंदी केली होती. त्यामुळं बाकीच्या गटांची पाच गावं होईपर्यंत आमची दोन होत. साहेब फोनवर त्यांना ‘गती वाढवा मॅडम’ म्हणत आणि त्या ‘हो साहेब’ म्हणून आणखी सावकाश चालत.

मग ते गाव आलं. पूर्णेच्या काठावरचं, काळ्या मातीचं, पांढऱ्या मिठासारखी खर आलेल्या भिंतींचं. वीस घरांत पाच बंद. तीन खेपा झाल्या, पाचही चौकटींवर तीन तीन रेघा झाल्या, कुलपं जागची हलली नाहीत. त्यातलं एक सतरा नंबरचं. निळं दार, वर ‘लेडीज जेन्ट्स टेलर’ अशी पाटी, आणि पाटीवर धूळ. अठरा नंबरच्या दारात एक आजी वाती वळत बसल्या होत्या. बोलायला आसुसलेल्या.

‘टेलरभाऊ अकोल्याले रायते आता. किडन्या गेल्या त्याच्या. दर खेपेले एसटीनं जानं झेपेना, मंग खोली केली तठीच. तुमाले काय पायजे ते मले इचारा ना. मले सारं ठाऊक हाये.’

मी टॅबलेट उघडला. मॅडमनी माझा हात धरला. ‘आजीचं घर चिठ्ठीत नाई आलं. अन् ऐकलेलं लिवता येत नाई. नंबर घे त्या टेलरभाऊचा.’

आजींच्या नातवाकडून नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. मी रस्ताभर धुमसत होतो. एका घरासाठी दोन एसटी बदलायच्या, रविवारचा दिवस घालवायचा, आणि हे कोणत्या नियमात लिहिलं आहे? मॅडम खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. अर्धं मला दिलं. आंबट होतं.

एका मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीत ती खोली होती. टेलरभाऊ चाळिशीचे असतील. डाव्या हाताला पट्टी, चेहरा सुजलेला. खोलीत एक कॉट, एक शेगडी आणि शिवणयंत्र. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, आम्हाला बसायला कॉट दिली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. मॅडम प्रश्न विचारू लागल्या, किती वर्षांपासून, आठवड्यातून किती वेळा, पाणी कुठलं. टेलरभाऊ उत्तरं देत होते आणि माझ्या टॅबलेटच्या पिशवीकडं पाहत होते. तिचा बंद उसवला होता. ‘द्या इकडं,’ म्हणाले. उजव्या हातानं यंत्राचं चाक फिरवलं आणि बोलता बोलता बंद शिवून दिला. दुहेरी शिलाई. पैसे काढले तर म्हणाले, ‘गावी आलो की या, तवा घेईन.’

वहिनी म्हणाल्या, ‘तालुक्याले मशीन आली तं आमी घरीच जाऊ. सकायी जाऊन दुपारी वापस. दुकान चालू होईन याइचं. इथं कोण शिवाले टाकते?’

मॅडम त्यांना मशीन येईल असं म्हणाल्या नाहीत आणि येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. ‘तुमचं घर मोजलं,’ एवढंच म्हणाल्या.

बाहेर पडलो तर वहिनी मागून आल्या. ‘बाई, आमच्या गावचे आनखी हायेत या गल्लीत.’ आणि त्यांनी एकेक दार दाखवलं. आमच्या पाच बंद घरांपैकी चार त्या एका गल्लीत राहत होती. दुसऱ्या गावांचीही होती, ज्यांच्या चौकटींवर आम्हीच रेघा मारून आलो होतो. नळावर पाणी भरणारी एक बाई मॅडमना पाहून म्हणाली, ‘आमच्या दाराले खडू लावून गेल्या म्हने तुमी?’ डब्याच्या तळाला चिकटलेले ते चिंचोके मला तेव्हा आठवले. मॅडमनी त्यांची आठवण करून दिली नाही. खडूनं पांढरी झालेली बोटं पदराला पुसत त्या पुढच्या दारात गेल्या.

पाचवं घर? त्याचाही त्यांनी फोनवरून छडा लावला. मुलाकडं पुण्याला गेलेले म्हातारा-म्हातारी, दोघंही ठणठणीत. मी म्हणालो, ते राहू द्या. मॅडम तडकल्या. ‘कावून राहू दे? बंद घर म्हंजे बिमार घरच, असं कोनं सांगितलं तुले? निरोगी हाये तं निरोगी लिव. सोयीचं तेवढं घेतलं तं आपन अन् ते साहेब सारखेच.’

संध्याकाळी टॅबलेटमधून फॉर्म पाठवायला गेलो. फॉर्म गेला की तो हिरवा व्हायचा, पण एकही जाईना. लाल अक्षरांत यायचं, ‘ठिकाण जुळत नाही’. फॉर्म गावाचा आणि टॅबलेट अकोल्यात, ते त्या यंत्राला मान्य नव्हतं.

मॅडम कागदावर सगळं लिहून अमरावतीच्या ऑफिसात गेल्या. मी दारापाशी उभा होतो, म्हणून हे मला शब्दशः आठवतं. साहेब गोड माणूस. आवाज कधी चढत नसे. ‘मॅडम, सर्व्हे गावाचा आहे. ही माणसं गावात नाहीत. मग गावात कशी मोजायची?’

‘त्याइचं रेशन कार्ड गावात हाये. कुलूप गावात हाये अन् चावी त्याइच्या खिशात हाये. बिमार हायेत म्हून गावात नाईत, साहेब. बिमारी मोजाले निंघालो अन् बिमार लोकाइलेच गाळून राहिलो आपन.’

‘थोडी त्रुटी प्रत्येक सर्व्हेत असतेच.’

‘त्रुटी दोन्ही आंगानं जाते. कधी जास्त, कधी कमी. हे एकाच आंगाले जाऊन राहिलं. दर गावात, दर तालुक्यात, कमीच. याले त्रुटी नाई म्हनत.’

साहेबांनी त्यांना चहा मागवला. मॅडमनी घेतला नाही. साहेब म्हणाले, सोमवारी सगळं बंद होतंय, शेजारची घरं घेऊन टाका. मॅडम म्हणाल्या, मी घेणार नाही. आणि त्या निघून गेल्या.

शनिवारी साहेबांचा फोन मला आला. त्यांना नाही, मला. पुढच्या कामासाठी नावं पाठवायची आहेत, तुमचं पाठवावं असं मनात आहे, तेवढी ती पाच घरं हिरवी करून टाका. इतकंच. धमकी नव्हती, आवाज चढला नव्हता. मी स्वतःला नंतर खूप सांगून पाहिलं की माझ्यावर दबाव होता. नव्हता. मला नोकरी हवी होती आणि मॅडमचा राग होता. चिंचोक्यांचा, आंबट संत्र्यांचा, गेलेल्या रविवारांचा. त्यांना एकदा चुकवायचं होतं मला.

रविवारी मोटरसायकल घेऊन गेलो. पाच बंद दारं, त्यांच्या शेजारची पाच उघडी दारं. दोन तासांत काम झालं. अठरा नंबरच्या आजींनी गुळाचा चहा दिला आणि प्रश्न विचारल्यावर म्हणाल्या, ‘नाई बापा, आमच्या घरी कोनी बिमार नाई.’ मी ‘नाही’ दाबलं. पाचही घरांत ‘नाही’. अर्थातच. ज्यांच्या घरी रोगी नव्हता तेच घरी होते. पाचही फॉर्म हिरवे झाले. सतरा नंबरच्या चौकटीवर मॅडमच्या तीन रेघा होत्या, मी तिकडं पाठ करून बसलो होतो.

मॅडमना चार दिवसांत कळलं. यादीत अठरा नंबर पाहिला असणार. त्या अमरावतीला माझ्या खोलीवर आल्या. मला वरच्या खिडकीतून स्कुटी दिसली आणि मी आतून कडी घालून बसून राहिलो. सकाळची वेळ होती. त्यांनी दोनदा कडी वाजवली, हाक मारली नाही, आणि गेल्या. दुपारी पुन्हा आल्या. मी श्वास धरून बसलो होतो, हे लिहितानाही लाज वाटते. दिवे लागणीला पुन्हा स्कुटीचा आवाज. त्या गेल्यावर अर्ध्या तासानं मी दार उघडलं. चौकटीवर खडूच्या तीन रेघा होत्या. शेजारी घरमालक बसला होता. तो म्हणाला, ‘त्या बाईले म्हटलं मी, मले सांगा काय निरोप हाये. तं म्हने, तुमी चालत नाई.’

मी ओलं फडकं घेऊन त्या रेघा पुसल्या. लाकडात खडू मुरला होता, पूर्ण गेला नाही.

अहवाल आला. आमच्या तालुक्याचा टक्का ठरवलेल्या आकड्याच्या खाली राहिला, थोडक्यात. मशीन आली नाही. एकट्या माझ्या पाच घरांनी फरक पडला नसता, हे मी कागदावर पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं आहे. पण तालुक्यातल्या प्रत्येक गावात माझ्यासारखा एकेक होता आणि प्रत्येकानं आपली चार-पाच घरं हिरवी केली होती. मॅडमना संस्थेनं पुढं बोलावलं नाही. मला बोलावलं. आता मी पर्यवेक्षक आहे. साहेब माझी पाठ थोपटतात आणि मला त्या हाताची किळस येते, पण मी पाठ काढून घेत नाही.

दोनेक वर्षांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, नवा सर्व्हे आला. प्रश्न तेच, गावं बरीचशी तीच. त्या गावचं काम मी मुद्दाम स्वतःकडं घेतलं. तेव्हा चिठ्ठीत आलेली जुनीच वीस घरं पुन्हा पाहायची होती. सतरा नंबरचं दार उघडं होतं.

वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. पाटी निघाली होती, तिचे खिळे भिंतीत होते. मला विचारायची गरज नव्हती, पण टॅबलेट विचारतो तसं विचारावंच लागतं.

‘सध्या घरात कोणाला किडनीचा आजार आहे का?’

त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘सध्या?’ म्हणाल्या. ‘सध्या तं नाई, भाऊ.’

मी ‘नाही’ दाबलं. पुढचा प्रश्न आला. गेल्या बारा महिन्यांत घरात या आजारानं कोणी दगावलं का?

‘चौदा महिने झाले,’ वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा ‘नाही’ दाबलं. दोन्ही उत्तरं खरी होती. ठिकाण जुळत होतं. फॉर्म पहिल्या झटक्यात हिरवा झाला. दार बंद होतं तेव्हा टेलरभाऊ मोजले गेले नाहीत, आणि दार उघडलं तेव्हा मोजायला उरले नाहीत. मी पिशवी खांद्याला लावली आणि वहिनींना काहीही न बोलता निघालो. बंद शाबूत होता, दुहेरी शिलाईचा.

गावाबाहेर मोटरसायकल थांबवून मी मॅडमना फोन लावला. त्या तीन रेघांच्या दिवसानंतर पहिल्यांदा. पहिल्याच रिंगला उचलला.

‘बोल,’ म्हणाल्या. कोण ते विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. दार, सूप, सध्या, चौदा महिने. माझं संपल्यावर म्हणाल्या, ‘फॉर्म बरोबर भरला तू.’

मला वाटलं होतं चिडतील. मी त्यासाठीच फोन केला होता. एकदा त्यांनी मला सोलून काढावं आणि मोकळं करावं.

‘मॅडम, त्या वेळी मीच अठरा नंबर—’

‘मले ठाऊक हाये. तिले ठाऊक हाये का?’

‘कोणाला?’

‘कोनाले म्हंजे? तिच्या घराच्या जागी कोनाचं घर लिवलं, ते तिले सांगितलं का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मंग मले कावून फोन केला?’ आता मात्र त्यांचा आवाज चढला. ‘मी काय शेजारचं घर हावो का? ज्याचं त्याले सांग.’ आणि फोन ठेवला.

मला भयंकर राग आला. काय ही बाई, दोन वर्षांनी माणूस फोन करतो, रडकुंडीला आलेला असतो, आणि हिला तेव्हाही नियम सुचतो. अमरावतीपर्यंत मी त्यांना शिव्या देत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबलेट घरी ठेवून मी त्या गावी गेलो. निळ्या दाराला कुलूप होतं. अठरा नंबरच्या आजी तशाच वाती वळत बसलेल्या. मला पाहून सरकून जागा केली.

‘ते गेली कापूस येचाले. काय काम होतं? मले सांगा ना, मी सांगतो तिले.’

‘नाही आजी,’ मी म्हणालो, ‘तुम्ही चालत नाही.’

अंगणात विटेचा तुकडा पडला होता. तो उचलून मी सतरा नंबरच्या चौकटीवर एक रेघ मारली. दुपारी परत यायचं होतं, आणि नाही भेटल्या तर दिवे लागणीला.